हलणारा तुकडा

सकाळचे साडेसात वाजले होते आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या तीनशे आणि माणसं पाचशेच्या वर. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते भिंतीला टेकून उभे होते, ज्यांना भिंतही मिळाली नाही ते एकमेकांना. चाकाच्या खुर्च्या पहिल्या रांगेत लावल्या होत्या. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या मोठ्या पडद्याकडे लागले होते, कारण पडद्यावर मांसाचा एक तुकडा दिसत होता.

तुकडा स्टीलच्या ताटात होता, लालभडक, मुठीएवढा. ताटावर कॅमेरा रोखलेला. ताटामागे पांढऱ्या कपड्यांत संजीवन महाराज. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, एवढं तर कुणीही सांगेल.

"ही शुभ्रा," महाराज ताटाकडे बोट करून म्हणाले. "कुठल्या पुस्तकात ही सापडायची नाही. कुठल्या प्राणिसंग्रहालयात नाही. बर्फाच्याही वर, जिथे गवताची काडी उगवत नाही, तिथे ही चरते."

काय चरते, ते कुणी विचारलं नाही.

"ती आपणहून मांडी पुढे करते. मी एक तुकडा घेतो. सकाळपर्यंत जखम भरलेली असते. का? कारण शुभ्राचं मांस मरत नाही. आणि ज्याचं मांस मरत नाही, ते खाणाऱ्याचं मूत्रपिंड कसं मरेल, तुम्हीच सांगा."

महाराजांनी चांदीच्या डबीतून चिमूटभर पांढरी भुकटी घेतली. तिला ते हिमरज म्हणत. भुकटी तुकड्यावर पडली. आधी काहीच झालं नाही. मग तुकड्याची एक कड थरथरली. मग मधला भाग आखडला, सैल पडला, पुन्हा आखडला. हात न लावता, वारा नसताना, तो तुकडा ताटात हलत होता.

सभागृहातून एक हलका आवाज उठला, पुष्कळ जणांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक चाळिशीची बाई उभी होती. घरात तिला धाकटी म्हणत, अजूनही. तिने तुकडा हलताना पाहिला आणि तिला काहीच वाटलं नाही. आश्चर्य नाही, रागही नाही. सात महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. आधी तिला वाटलं होतं, रडू उशिरा येईल. मग तिने वाट बघणं सोडून दिलं. तेराव्या दिवशी ती कामावर गेली, हातमोजे चढवले आणि सॉसेजचे नमुने कापायला बसली.

तिचं काम हेच होतं. सरकारी प्रयोगशाळेत मांसाची जात ओळखायची. खिमा, सॉसेज, डबाबंद मांस, सगळं तिच्या टेबलावर यायचं. डब्यावर एक लिहिलेलं असायचं आणि आत काय असायचं ते ती सांगायची. मांस शिजवलं, वाळवलं, मसाल्यात बुडवलं, तरी त्याच्या पेशींमध्ये डीएनए उरतोच, आणि जनावर कोणतं होतं हे त्या डीएनएत लिहिलेलं असतं. मांसाला खोटं बोलता येत नाही. ते काम माणसाला करावं लागतं.

मग शुभ्राचं मांस वाटायला सुरुवात झाली आणि रांग पुढे सरकली. एका स्वयंसेवकाने तिच्या हातात कागदी पुडी ठेवली. आत सुकवलेल्या मांसाचे चार तुकडे. तिने पुडी न उघडता निर्जंतुक पिशवीत टाकली, पिशवी बंद केली आणि वर तारीख, वेळ लिहिली.

"ताई, ती खायची असते," स्वयंसेवक म्हणाला.

"खाणार आहेच की," ती म्हणाली.

पुडीच हवी असती तर घरी अण्णांच्या उशाखाली डझनभर होत्या. अण्णा म्हणजे तिचे वडील. तीन-चार दिवसांपूर्वी त्यातलीच एक तिने उचलली होती. तुकडा चामड्यासारखा चिवट, म्हणून स्वयंपाकघरात अण्णांच्या सुऱ्याने त्याची कड कापली आणि प्रयोगशाळेत नेली. उत्तर आलं, शेळी. अहवाल लिहायला बसली आणि तिचा हात थांबला. तिने घरी जाऊन तोच सुरा पाण्याने, साबणाने धुतला, त्याच्या पात्यावरून ओला कापूस फिरवला आणि तो कापूस तपासला. कापसाचं उत्तरही शेळी.

अण्णा खाटीक होते. चाळीस वर्षं त्यांनी मटणाचं दुकान चालवलं, आणि दुकान बंद केलं तेव्हा तो सुरा घरी आणला. त्या सुऱ्याने भाकरी कापली असती तरी ती शेळीच निघाली असती. नवख्या मुलीने अशी चूक केली असती तर धाकटीने तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. स्वतःला तिने काही म्हटलं नाही. पहिला अहवाल फाडला आणि घरातलं काही न लागलेली पुडी घ्यायला साडेसातच्या रांगेत येऊन उभी राहिली.

हे सगळं कशासाठी, तर अण्णांनी डायलिसिस बंद केलं होतं.

दोन वर्षं ते आठवड्यातून तीनदा यंत्रावर जात होते. चार-चार तास. मग दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, त्यांना महाराजांकडे घेऊन गेला. सुरुवातीला पुडी आणि यंत्र दोन्ही चालू होतं. मग महाराजांनी सांगितलं की यंत्राने रक्त धुतलं की रक्तात गेलेली शुभ्राही धुऊन जाते. दोन्हीपैकी एकच निवडा. अण्णांनी पुडी निवडली. दोन वेळा गेलेच नाहीत. डॉक्टर धाकटीला म्हणाले, "त्यांना थोडी लघवी होते म्हणून अजून चाललंय. पण रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदय सांगून थांबत नाही. दहा दिवस, बारा दिवस. त्यापुढचं मला सांगता येणार नाही."

तिने ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचे आभार मानले. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं.

प्रयोगशाळेत तिच्या मॅडमनी पिशवी उजेडात धरली. "घरचं काम?"

"वडील खातात."

"मग रीतसर नोंद कर. नंबर दे. आणि तुझ्या हाताने करू नकोस, दुसरीला करू दे. उद्या कुणी म्हणायला नको, मुलीने मुद्दाम केलं."

तसंच झालं. तुकड्याच्या आतला भाग काढून त्यातला डीएनए वेगळा केला. सोबत एक कोरी नळी ठेवली, जिच्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. कोरी नळी गप्प राहिली तरच बाकीच्या नळ्यांचं ऐकायचं. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, घोडा, कोंबडी, प्रत्येकाची वेगळी नळी. आणि समजा खरंच कुठल्या पुस्तकात नसलेलं जनावर असेल, तर त्यासाठी डीएनएचा एक पट्टा अक्षरन् अक्षर वाचून जगभरच्या जनावरांच्या यादीशी ताडून बघितला. नवीन प्राणी असता तर तो कुणाशीच नीट जुळला नसता.

कोरी नळी गप्प राहिली. शेळीची नळी बोलली. पट्टा पाळीव शेळीशी शंभरात शंभर जुळला.

दोन दिवसांनी धाकटी तो कागद घेऊन पुन्हा सभागृहात गेली. तोवर अण्णांची तिसरी वेळ चुकली होती आणि त्यांच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिने हात वर केला आणि अहवाल मोठ्याने वाचला. तिचा आवाज सपाट होता, बसचं वेळापत्रक वाचावं तसा.

महाराज शांतपणे ऐकत होते. मग हसले. "कन्ये, तुझ्या यंत्राचा दोष नाही. शुभ्रा डोंगर उतरते तेव्हा तिला कुठलं तरी रूप घ्यावं लागतं. सिंहाचं घेतलं तर लोक घाबरतील. म्हणून ती शेळी होऊन येते. तुझ्या यंत्राला कपडे दिसले. आतला प्राण दिसायला यंत्र लागत नाही." मग ताटाकडे वळून म्हणाले, "मेलेली शेळी हलते का?"

पाचशे माणसं हसली. कुणी तरी टाळी वाजवली. दादा तिच्या मागेच उभा होता. तो तिचा दंड धरून तिला बाहेर घेऊन आला.

"समाधान झालं? आपलं सगळ्यांत हसं करून घेतलंस."

"दादा, ती शेळी आहे."

"मग हलतं कसं? तुझ्या कागदावर लिहिलंय का, हलतं कसं?"

कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. जात सांगणं एवढंच तिच्या नळ्यांचं काम. तिने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सांगून टाकलं, उद्याच्या चौथ्या वेळेलाही मी जाणार नाही. त्याच संध्याकाळी डायलिसिस विभागाच्या सिस्टरचा फोन आला. धाकटीने तो उभ्यानेच ऐकला. मग अण्णांच्या खोलीत गेली. ते तीन उशांना टेकून बसले होते. आडवं पडलं की दम लागत होता. तिने अहवाल त्यांच्या पांघरुणावर ठेवला.

अण्णांनी चष्मा लावला नाही. "शेळी," ते म्हणाले. "म्हातारी शेळी. सात-आठ वर्षांची तरी. धागा बघ ना, दोरखंडासारखा आहे. बोकडाचा असा नसतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं काय मी भाजी विकली?"

"मग ते हलणं?"

"मीठ." अण्णांनी थांबून श्वास घेतला. "नुकतं कापलेलं असलं की मांस तासभर तसं असतं. माणसाला कळतं जनावर मेलंय, मांसाला अजून कळलेलं नसतं. वर मीठ टाकलं की उडतं. आम्ही नव्या पोरांना घाबरवायला करायचो. म्हणून तर तो साडेसातला करतो. कत्तलखाना सहाला सुरू होतो. नऊ वाजता कर म्हणावं."

महाराजांच्या पत्रकात याचंही कारण दिलेलं होतं. सूर्य वर आला की शुभ्राचा प्राण पर्वतावर परततो, असं काहीसं.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. "माहीत असताना खात होतात? यंत्र सोडलंत?"

अण्णा खिडकीकडे वळले. "यंत्रावर चार तास पडून राहायचं. तुझी आई असायची तेव्हा बडबड करायची. शेजारणींच्या कागाळ्या, भाजीचे भाव. मी ऐकतही नसे. आता ऐकू येत नाही." ते पुन्हा थांबले. "नको म्हटलं असतं, तर तुम्ही दोघांनी मला सोडलं असतं का? डॉक्टर, समुपदेशक, नातेवाईक, सगळी फौज आणली असती. मग दादाने हे आणलं. म्हटलं, बरं झालं. औषध घेतोय असं म्हणत गुपचूप जाता येईल. कुणाला वाईट वाटणार नाही."

हे ऐकून आपल्याला रडू यायला हवं, असं धाकटीला वाटलं. ते आलं नाही. जे सांगायला आली होती तेच तिने सांगितलं.

"अण्णा, टेलरबाई गेल्या. आज दुपारी."

टेलरबाई अण्णांच्या शेजारच्या बेडवर असायच्या. वय अडतीस. बेडवर पडल्या पडल्या मोकळ्या हाताने काजं करायच्या. अण्णांना पुडी उघडताना त्यांनी बघितलं होतं, चौकशी केली होती.

"सिस्टर म्हणाल्या, तुम्ही सोडलंत त्याच आठवड्यात त्यांनीही सोडलं. नवरा समजावत होता. तर त्याला म्हणाल्या, शेजारचे अण्णा खाटीक आहेत, जन्मभर मांसातच हात आहेत त्यांचे, ते खातायत म्हणजे त्यात काही तरी असणार."

अण्णांनी दादाला हाक मारली.

"उद्या पहाटे मला कत्तलखान्यात घेऊन चल," ते म्हणाले. "आणि किराणावाल्याकडून एक मिठाचा पुडा आण. साधा."

दुसऱ्या दिवशी साडेसातला सभागृह नेहमीसारखं भरलं होतं. मधल्या वाटेने दादा आणि धाकटी अण्णांना धरून चालवत आणत होते. दादाच्या हातात डबा होता. लोकांनी वाट दिली, कारण अण्णांना पुष्कळ जण ओळखत होते. कित्येकांनी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच मटण नेलं होतं.

पडद्यावरचा तुकडा नुकताच हलून थांबला होता. महाराजांनी हात पसरले. "या. शुभ्राने या वृद्धाला पायांवर उभं केलं, बघा."

"पोरांनी केलं," अण्णा म्हणाले. माइक त्यांच्या तोंडाजवळ आला, कारण स्वयंसेवकाला वाटलं, आता अनुभवकथन आहे. "माझंही एक मांस आणलंय. तासापूर्वी कापलेली शेळी. डोंगरावरची नाही, कत्तलखान्यातली. हिच्यावर मी दुकानातलं मीठ टाकतो. बघा."

दादाने डबा उघडून तुकडा दुसऱ्या ताटात ठेवला. कॅमेरा चालवणाऱ्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने कॅमेरा तिकडे वळवला. अण्णांनी पुडा दातांनी फोडला आणि मीठ पसरलं. पाचशे माणसांनी पडद्यावर बघितलं. कड थरथरली. मधला भाग आखडला, सैल पडला, पुन्हा आखडला.

महाराज ताबडतोब म्हणाले, "शुभ्रा प्रत्येक शेळीत—"

"थांबा जरा," अण्णा म्हणाले. "मग आता एक करा. हा डब्यातला दुसरा तुकडा कालचा आहे, त्याच कत्तलखान्याच्या फ्रिजमधला. यावर तुमची हिमरज टाका. अख्खी डबी टाका."

महाराज म्हणाले, हिमरज अशी वाया घालवायची नसते. पण पहिल्या रांगेतली एक म्हातारी मंचाच्या कडेलाच बसली होती. तिने हात लांब केला, डबीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठच आहे हो," ती शेजारणीला म्हणाली. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

कुणी तरी डबी उचलून कालच्या तुकड्यावर रिकामी केली. तुकडा पडून राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. शुभ्रा काही पर्वतावरून उतरली नाही. तिसऱ्या मिनिटाला महाराजांची ध्यानाची वेळ झाली आणि ते मागच्या दाराने ध्यानाला गेले. तिथे धाकटीने रात्री फोन केल्यावरून तिच्या मॅडम अन्न विभागाच्या दोन माणसांना घेऊन, अहवालाची प्रत हातात धरून उभ्या होत्या. शेळीचं मांस दुसऱ्या नावाने औषध म्हणून वाटणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी महाराजांना समजावून सांगितलं. ध्यान तिथेच मोडलं.

सभागृहात मात्र कुणी आरडाओरडा केला नाही. लोक तुकड्याकडे बघत बसले होते. अण्णांना खुर्ची दिली. त्यांनी दम खात खात सांगितलं.

"हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यातले पुष्कळ जण मला ओळखतात. तुम्ही मला पुडी खाताना बघितलंत आणि तुम्हाला वाटलं, हा खातोय म्हणजे खरं असेल. माझ्या शेजारच्या बेडवर एक टेलरबाई होत्या, त्यांनाही तसंच वाटलं. त्या काल गेल्या. मी गप्प बसलो म्हणून गेल्या. त्या महाराजाने त्यांना फसवलं, पण साक्षीदार मी होतो." त्यांनी श्वास घेतला. "आता माझंही ऐकून विश्वास ठेवू नका. हे मीठ इथे ठेवतोय. उद्या सकाळी ताजं मांस आणा आणि आपल्या हाताने टाकून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. बघा कधी हलतं, कधी नाही. कुणी काही चमत्कार दाखवला की विचारा, दुपारी दाखवता का? दुसऱ्याच्या हाताने होईल का? रागावला तर समजा. आणि ज्यांनी इंजेक्शन, गोळ्या, यंत्र जे काही बंद केलं असेल, त्यांनी इथून सरळ दवाखान्यात जा. घरी जाऊन विचार करत बसू नका."

चाकाच्या खुर्च्यांपैकी दोन लगेच दाराकडे वळल्या. काही माणसं पुढे येऊन मिठाच्या पुड्यात बोटं घालून चाखत होती. काही जण मान खाली घालून आपल्या पुड्या खिशातून काढून खुर्चीवर ठेवत होते. आणि काही जण रागाने अण्णांकडेच बघत होते. ते सगळीकडे असतात.

दादा कोपऱ्यात उभा राहून डायलिसिस विभागाशी फोनवर बोलत होता. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तुमची जागा दुसऱ्याला गेली, पण आज साडेनऊला शेजारची एक जागा आहे," तो म्हणाला. "सिस्टर म्हणाल्या, ती पुढेही कायम मिळेल. सोमवार, बुधवार, शनिवार."

अण्णांनी वर बघितलं. ती जागा टेलरबाईंची होती, हे तिघांनाही कळलं.

"घे ती," अण्णा म्हणाले.

धाकटी त्यांच्या पायात चपला घालायला खाली बसली. सुजलेल्या पायांत त्या शिरेनात. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि तिने घड्याळाकडे बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला भीती वाटत होती, की आज पोचायला उशीर होईल. तिने चपला बगलेत मारल्या आणि अण्णांना म्हणाली, "अनवाणीच चला. लवकर चला."